ताडपत्रीची घडी

"पण तात्या, ताडपत्री स्वच्छ झाली हे ठरवायचं कुणी?"

भालचंद्रने ब्रश बादलीत टाकला आणि ओल्या हातांनीच तो तात्यांसमोर येऊन उभा राहिला.

तात्या तलावाच्या काठावर बुचाच्या झाडाखाली बसून शेंगा सोलत होते. उत्तर द्यायची घाई त्यांना कधीच नसे. कधी कधी उत्तर येईपर्यंत विचारणारा जेवून, झोपून, पुन्हा उठलेला असे.

…

"ज्याच्या हातात ब्रश, त्याने," तात्या म्हणाले.

"मग माझ्या मते अजून झालेली नाही."

"बरं."

"त्या कोपऱ्यात बुरशीचा डाग आहे. आणि ही फुलं. झाडून घेतली की सकाळी पुन्हा तेवढीच. हे झाड आहे की वैरी?"

तात्यांनी एक शेंग त्याच्यापुढे धरली. त्याने घेतली नाही.

"पाणी कसं आहे?" तात्यांनी विचारलं.

"झाकलेलं आहे," भालचंद्र म्हणाला आणि परत ब्रशकडे गेला.

घाटाच्या पायथ्याचा हा आश्रम म्हणजे मुळात एका गिरणीमालकाचा बंगला. म्हातारपणी मालकाने तो तात्यांना देऊन टाकला, त्यात पोहण्याचा तलावही आला. साधूंना पोहण्याचा तलाव कशाला, म्हणून गावाने बरीच थट्टा करून घेतली. तात्यांना स्वतःला पोहता येत नव्हतं. त्यांनी तलावात कमरेएवढंच पाणी ठेवलं आणि ज्यांचे हातपाय अडले आहेत अशा माणसांना त्यात चालायला लावलं. गुडघे धरलेल्या बायका आल्या, अर्धांग झालेले पुरुष आले. जमिनीवर ज्यांना पाऊल उचलवत नव्हतं, ते पाण्यात उचलू लागले. मग थट्टा थांबली.

पावसाळ्यात तलाव बंद असे. त्यावर कडेकडेच्या कड्यांना दोर बांधून एक जाड ताडपत्री ताणलेली असे. पाऊस सरला की ती जागेवरच धुवायची. वर साचलेलं पाणी मोटारीने बाहेर काढायचं, पालापाचोळा झाडायचा, रिठ्याच्या पाण्याने हलक्या हाताने घासायचं, कारण कडक साबणाने तिच्यावरचा लेप जातो. वरची बाजू नीट झाल्यावरच ती ओढायची, नाहीतर वरची सगळी घाण खालच्या पाण्यात. मग उलटी करून धुवायची, वाळवायची आणि घड्या चिकटू नयेत म्हणून शंखजिऱ्याची पूड भुरभुरून घडी घालायची.

हे काम दरवर्षी एका शिष्याकडे असे. ताडपत्री ज्याच्याकडे, तलाव त्याच्याकडे, असा आश्रमाचा रिवाज होता. तो म्हणेल तेव्हा तलाव उघडायचा. तात्यासुद्धा मध्ये पडत नसत. सोबत एक जोडीदार घ्यायचा, तोही ज्याचा त्याने निवडायचा.

या वर्षी भालचंद्रने हे काम मागून घेतलं. जोडीदार मात्र नको म्हणाला. "मी शिवलेली ताडपत्री आहे. दुसऱ्याचा हात लागला की बिघडते."

आश्रमात आल्यावर ती शिवली त्यानेच होती, हे खरं. भालचंद्र मगदूम इचलकरंजीचा, ताडपत्र्या शिवणाऱ्या घरातला. चालता धंदा होता, वडिलांचा हात त्यात मुरलेला होता आणि मुलाचाही बसत चालला होता. मग एके वर्षी ऐन हंगामाच्या तोंडावर, मशीनवर अर्धी शिवलेली ताडपत्री तशीच टाकून तो निघून आला. वडील, अप्पा, चारचौघांत म्हणाले, "माझ्यापुरता मेला त्यो."

हे कानावर आलं तेव्हा भालचंद्रला वाईट वाटलं नाही. उलट बरंच वाटलं. मागचे सगळे धागे तुटावेत म्हणून लोक तपश्चर्या करतात, आपले घरबसल्या तुटले, असं त्याला वाटलं. आश्रमात येणाऱ्याजाणाऱ्यांना तो ही गोष्ट सांगायचा, आणि थोडी चढवूनच सांगायचा.

गेल्या उन्हाळ्यात अप्पांना अर्धांगाचा झटका आला. निरोप आला, पण हा गेला नाही. "मेलेला माणूस कुठे जातो?" असं म्हणाला. ऐकणाऱ्यांना ते फार मोठं वाटलं.

आणि आता अप्पाच आले होते. भालचंद्रची थोरली बहीण शेवंताक्का त्यांना घेऊन आली आणि खालच्या गावात खोली करून राहिली. डॉक्टरांनी सांगितलं होतं, पाण्यात चालवा, हात पाण्यात हलवा, उशीर करू नका, बोटं एकदा आखडली की उघडायची नाहीत.

ते आल्याचं कळलं त्या दिवसापासून भालचंद्रची ताडपत्री काही स्वच्छ होईना.

का होत नाही, हे त्याला माहीत होतं. त्याला भीती वाटत होती. अप्पा समोर आले तर आपण काय करू हे त्याला कळत नव्हतं, आणि ते न कळणं सहन होत नव्हतं. झोप धड लागत नव्हती. जेवताना तो मध्येच उठून तलावाकडे बघून यायचा. ध्यानाला बसला की गुडघा हलत राहायचा. हात घासण्यात गुंतले की तेवढा वेळ बरं वाटायचं, म्हणून तो घासत होता.

शेवंताक्का रोज चढ चढून वर यायची. फाटकातून आत येत नसे. आपल्यामुळे भावाला आश्रमात कमीपणा नको, असं तिला वाटायचं. पहिल्या दिवशी तिने तात्यांनाच विचारलं होतं. तात्यांनी भालचंद्रकडे बोट केलं होतं.

"भालू, आज उघडतंय का रं?"

"अजून धुऊन व्हायची आहे, आक्का."

"कालबी हेच म्हणालास."

"रात्री वारा सुटला. फुलं पडली."

"अप्पांची बोटं वळाय लागल्यात. आधी मी उघडली की उघडायची. आता दोन हातांनी ओढाय लागतंय. वरडतात."

…

"मग घाण पाण्यात सोडू का आक्का? आजारी माणसं उतरतात तिथं."

आक्काने पदराने तोंड पुसलं.

"खाली येऊन बघून तरी जा. त्यास्नी काय बोलू द्यायची न्हाई मी. मी हाय की तिथं."

"साधकाला..." भालचंद्रने सुरुवात केली आणि पुढचं वाक्य त्याला आठवेना. हेच वाक्य त्याने कितीतरी लोकांना ऐकवलं होतं.

आक्का चढ उतरून गेली. बोटांची सालं निघेपर्यंत तो त्या कोपऱ्यातला डाग घासत राहिला.

दुपारी तो पुन्हा तात्यांकडे आला.

"हे झाड तोडू या."

"तोड."

"खरंच?"

"कुऱ्हाड पडवीत आहे."

भालचंद्र पडवीत गेला, कुऱ्हाड घेऊन आला आणि झाडाखाली उभा राहिला. बुचाची दोन लांबट पांढरी फुलं त्याच्या खांद्यावर पडली. कुऱ्हाड परत पडवीत ठेवून तो तात्यांकडे आला.

"तात्या, मला नर्मदेकाठच्या मठात पाठवा."

"केव्हा?"

"तलाव उघडायच्या आधी."

"आणि ताडपत्री?"

"दुसऱ्या कुणाला तरी द्या."

"त्याला ती स्वच्छ वाटली तर?" तात्यांनी विचारलं.

…

"तर तो उद्याच उघडेल," तात्याच म्हणाले.

भालचंद्रचा चेहरा उतरला. जाणं जमत नव्हतं आणि राहणंही जमत नव्हतं.

"मग असू दे माझ्याकडेच," तो म्हणाला.

"पाणी कसं आहे?"

आता मात्र तो चिडला. "रोज एकच प्रश्न विचारता तुम्ही. पाण्याला काय होणार आहे? वरून एक थेंब आत जात नाही, एक पान जात नाही. शिवणीला मेण लावलंय मी."

"आत पाहिलंस?"

"पाहायचं तर कोपरा उचलावा लागतो. कोपरा उचलला की घाण आत जाते."

तात्यांनी मान डोलावली. संध्याकाळी ते नेहमीसारखे काठी घेऊन फिरायला गेले. हल्ली ते खालच्या गावाच्या बाजूला जात. भालचंद्रला एवढंच दिसलं, की त्यांच्या हातात एक लहान बाटली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी वारा नव्हता. ताडपत्रीवर एकही फूल नव्हतं. कोपऱ्यातला डागही गेला होता. भालचंद्र चारही बाजूंनी फिरला, वाकून पाहिलं, ओणवा होऊन पाहिलं. घासायला काही उरलं नव्हतं. ताडपत्री इतकी लखलखीत झाली होती की उन्हात तिच्याकडे बघवेना. आता तलाव उघडावा लागणार होता.

पण अभिमानही होताच, तो काही जाईना. त्याने तात्यांना बोलावून आणलं.

"बघा."

तात्यांनी पाहिलं. मग ते खाली बसले आणि कडेचा एक दोर सोडू लागले. ताडपत्रीला ते कधी हात लावत नसत. भालचंद्र काही बोलणार तेवढ्यात त्यांनी कड उचलली आणि कोपरापर्यंत हात आत घातला.

कुबट वास आला.

तात्यांनी हात बाहेर काढला. कोपरापासून बोटांपर्यंत हिरवं बुळबुळीत शेवाळ चिकटलं होतं.

त्यांनी तो हात ताडपत्रीवर पुसला. आधी तळवा, मग उलटी बाजू. अगदी सावकाश.

…

पावसात पाणी गार होतं. पाऊस संपल्यावर ते उघडायचं, ढवळायचं, त्यात औषध टाकायचं. ऑक्टोबरच्या उन्हात झाकून ठेवलेलं पाणी आतल्या आत उबत गेलं होतं आणि हिरवंगार होऊन बसलं होतं. भालचंद्रला कापड कळत होतं. कापडाखाली काय चाललंय हे पाहायचं त्याने टाळलं होतं.

"हे कधी झालं?" त्याने विचारलं.

"तू वर धूत होतास तेव्हा."

भालचंद्र काठावर बसला.

"नितळायला किती दिवस लागतील?"

"लागतील तेवढे."

"पण तोवर अप्पांची बोटं..."

तो थांबला. अप्पा हा शब्द या आश्रमात त्याच्या तोंडून पहिल्यांदाच आला होता.

फाटकाशी आक्का उभी होती. आज तिने विचारलं नाही.

"आमी निघालो रं," ती म्हणाली. "दुपारच्या गाडीनं. अप्पा म्हणाले, बास झालं. घरी जाऊ या."

भालचंद्र उठून फाटकापर्यंत गेला. "आक्का, पाणी खराब झालंय. माझ्यामुळं. मी उघडलं असतं तर झालं नसतं."

ती रागावेल असं त्याला वाटलं. रागावली असती तर बरं झालं असतं.

"बरं," आक्का म्हणाली. "जिवाला जप." आणि ती उतार उतरू लागली.

तो तिच्याकडे बघत राहिला, मग वळून तात्यांकडे आला.

"तात्या, मी काय करू?"

"ताडपत्री काढ. पाण्याला ऊनवारा लागू दे."

"आता?"

"पाणी तर आताच खराब आहे."

"एकट्याला निघायची नाही. घडी तर मुळीच व्हायची नाही."

"जोडीदार घे."

भालचंद्रने आजूबाजूला पाहिलं. आश्रमातली माणसं काम सोडून उभी होती. त्यातला कुणीही आला असता.

"ही घडी तुला शिकवली कुणी?" तात्यांनी विचारलं.

…

भालचंद्र अनवाणीच फाटकाबाहेर पडला. धोतर गुडघ्यापर्यंत ओलं होतं आणि हातांना रिठ्याचा फेस तसाच होता.

खोलीच्या दाराशी पिशव्या भरून ठेवल्या होत्या. आक्का त्याच्या जरा आधीच पोचली होती. अप्पा खाटेवर भिंतीला टेकून बसले होते. तोंडाची एक बाजू सैल पडली होती, नजर मात्र होती तशीच होती. डावा हात मांडीवर होता आणि त्याची मूठ घट्ट मिटलेली.

"कोण हाय गं?" त्यांनी आक्काला विचारलं. समोर बघतच विचारलं.

आक्काने भालचंद्रकडे पाहिलं.

"माझं पोरगं मेलंय. दुसरं कोण असंल तर सांग."

वाटेत भालचंद्रने बरंच काही जुळवत आणलं होतं. माफी मागायची होती, पाया पडायचं होतं, चार शहाण्यासारखी वाक्यं बोलायची होती. दारात उभं राहिल्यावर त्यातलं काहीच कामाचं वाटेना.

"ताडपत्री काढायचीया, अप्पा," तो म्हणाला. "तलावावरची. मला एकट्याला झेपंना झालीया."

…

"केवढी हाय?" अप्पांनी विचारलं.

"चाळीस बाय वीस."

"शिवण कुणाची?"

"माझी."

"मग उसवली असंल."

"न्हाई उसवली."

"बघितल्याबिगर मी कसं म्हणू?"

अप्पांनी उजव्या हाताने काठी जवळ ओढली. उठताना ते एका बाजूला कलले. भालचंद्रने पुढे होऊन दंड धरला. अप्पांनी त्याचा हात झटकला नाही. धरलाही नाही.

चढ त्यांना जमणार नव्हता. आक्काने दोघांकडे पाहिलं आणि वडिलांना मुलाच्या पाठुंगळी बसवलं. अप्पा निम्मे झाले होते. उचलताना ते भालचंद्रच्या लक्षात आलं आणि त्याला आपलीच लाज वाटली.

अर्ध्या चढावर अप्पा त्याच्या कानाशी बोलले.

"तुझा म्हातारा येतो रोज सांजच्याला. तेल लावून बोटं चोळतो."

भालचंद्र चालत राहिला.

"पोरगं काय करतंय म्हणून रोज इचारतो मी त्येला. म्हणतो, धुतंय. काय धुतंय म्हटलं, तर गप बसतो."

मेलेल्या पोराची चौकशी अप्पा रोज करत होते. भालचंद्रला रडू आवरेना, आणि पाठीवर अप्पा असल्यामुळे त्याला डोळेही पुसता येईनात.

फाटकाशी अप्पा म्हणाले, "उतरव. आत चालत जाणार."

काठी टेकत, डावा पाय ओढत ते तलावापर्यंत गेले. खुर्ची दिली ती त्यांनी घेतली नाही. ते काठावरच बसले आणि ताडपत्रीची कड मांडीवर ओढून उजव्या अंगठ्याने शिवण तपासू लागले. हिरव्या फराट्यापाशी येऊन त्यांचा अंगठा थांबला.

"हे काय?"

"तात्यांनी हात पुसला," भालचंद्र म्हणाला.

अप्पांनी वर मान करून तात्यांकडे पाहिलं. "बरं केलंसा," ते म्हणाले आणि पुन्हा शिवणीकडे वळले.

"टाका लांब पडलाय."

"व्हय."

"घाई केलीस."

"व्हय, अप्पा."

त्यानंतर भालचंद्रने सगळ्यांना हाक मारली. दुसऱ्याचा हात नको म्हणणाऱ्या माणसाने एकेकाला नावाने बोलावलं. दोर सुटले. अप्पा काठावरून ओरडत होते, अगं आक्का तिकडची कड वर धर, अरे बुवा ओढतोस काय, उचल की. ताडपत्री तलावावरून निघाली आणि अंगणात उलटी पडली. खालची बाजू शेवाळाने बरबटली होती. दुपारभर सगळ्यांनी मिळून ती धुतली आणि उन्हात पसरून ठेवली.

तलाव उघडा पडला. पाणी पाहवत नव्हतं.

"कवा नितळंल हे?" अप्पांनी विचारलं.

"थांबलात तर कळेल," तात्या म्हणाले.

गाडी केव्हाच निघून गेली होती. आक्काने खाली जाऊन पिशव्या परत आत ठेवल्या आणि ती पुन्हा वर आली.

ऊन कलायच्या सुमाराला ताडपत्री वाळली. शंखजिरं भुरभुरून झालं. आधी सगळ्यांनी ती जमिनीवरच लांबीच्या बाजूने दुमडत नेली, आणि मग तलावाइतक्या लांबीची एक पट्टी तेवढी उरली. तिची टोकं जुळवायला दोनच माणसं लागतात.

अप्पा काठी आक्काकडे देऊन उठले. "ह्या टोकाला मी हाय."

"अप्पा, तुमचा हात..."

"डाव्या मुठीत दे. उजव्यानं सांभाळतो."

भालचंद्र त्यांच्यासमोर गुडघ्यांवर बसला. ती मूठ त्याने आपल्या हातात घेतली. तिला तेलाचा वास येत होता. त्याने एक बोट उघडलं. मग दुसरं. अप्पांचा चेहरा पिळवटला.

"दुखतंय?"

"दुखतंय. घाल तू."

त्याने ताडपत्रीची दुमड आत सरकवली आणि बोटं सोडली. मूठ आपोआप मिटली. इतकी घट्ट मिटली, की आता ते टोक कुणाला ओढून काढता आलं नसतं.

भालचंद्र पलीकडच्या टोकाला गेला. त्याने आपली बाजू उचलली आणि ताणून धरली.

मगदुमांच्या दुकानात घडीची रीत ठरलेली होती. धाकट्याने टोक ताणून जागेवर उभं राहायचं आणि थोरल्याने आपलं टोक घेऊन चालत यायचं. धाकटा हलला की घडी वाकडी होते. लहानपणी एकदा भालचंद्र दोन पावलं पुढे गेला होता, तर अप्पांनी सगळ्या दुकानासमोर त्याला ओरडून मागे पाठवलं होतं.

तो हलला नाही.

अप्पांनी उजवं पाऊल टाकलं. डावा पाय मागेच राहिला. त्यांनी तो ओढला, थोडा आला, मग येईना. ताडपत्री दोघांच्या मध्ये ताठ झाली.

आक्का पुढे सरकली. अप्पांनी नजरेनेच तिला थांबवलं.

…

भालचंद्रने आपलं टोक ताणून धरलं होतं. तो शिकवल्याप्रमाणे बरोबर उभा होता. अप्पा त्याच्याकडे बघत होते आणि तो त्यांच्याकडे. अप्पांनी पुन्हा पाय उचलून पाहिला.

…

तात्या झाडाखालून उठून भालचंद्रच्या मागे येऊन उभे राहिले.

"घडी वाकडी होऊ दे," ते म्हणाले. "तू चालत जा."